सुखाचा राहिलेला धडा



सुभानपुऱ्यातील या शाळेत मी अनेक वर्षे जीवशास्त्र शिकविले. एके वर्षी प्रजननाच्या प्रकरणानंतर मुलींना निनावी चिठ्ठ्या लिहावयास सांगितल्या. बहुतेक प्रश्न पाळीचे व भीतीचे होते. एकीने मात्र विचारले होते : 'बाई, कोणी आवडणे आणि ते बरे वाटणे हे पाप आहे का?' ती चिठ्ठी मी मुकाट्याने पर्समध्ये ठेवली. ते राहिलेले उत्तर आज देत आहे.

मराठीत ते पूर्वीच दिले गेले होते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. संततिनियमन म्हणजे त्यांच्या लेखी केवळ लोकसंख्येचे गणित नव्हते. कामसुखावर स्त्रीचा पुरुषाइतकाच हक्क आहे आणि गर्भाची धास्ती गेल्याखेरीज तो तिला लाभणार नाही, ही त्यांची भूमिका होती. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांना १९१३ साली सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती अमेरिकेस घेऊन गेली, तेच बाबासाहेब. खटल्यात हार झाली, कर्व्यांना दंड झाला.

पुढे मथुरा प्रकरणानंतर स्त्रीचळवळीने बलात्काराविरुद्ध लढा दिला आणि १९८३ साली कायदा बदलला. तो लढा अटळच होता. परंतु शाळेपर्यंत पोहोचली ती बहुधा धोक्याचीच भाषा : रोग, गर्भ, वाईट स्पर्श.

पालक विचारतील, सुखाची गोष्ट काढल्याने मुले बिघडणार नाहीत का? सुखाविषयी बोलणे म्हणजे कृती शिकविणे नव्हे. आपल्याला काय आवडते हे ओळखण्याची मुभाच जिला नाही, तिने काय नको आहे हे ठामपणे कसे सांगावे? गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे, हे मुलग्यांना तरी कशावरून कळावे? जिथे दोघांचेही सुख मोजले जाते, तिथेच संमतीला अर्थ येतो. म्हणून सुख हा स्त्रीमुक्तीच्या राजकारणातील चैनीचा नव्हे, समतेचा प्रश्न आहे.

त्या मुलीला आज सांगेन : नाही बाळ, ते पाप नाही. तुझे सुख तुझे आहे. तुझ्या इच्छेवाचून त्यावर कोणाचा अधिकार नाही. आणि दुसऱ्याच्या इच्छेवाचून तुझाही नाही.