रुग्णाची वार्ता आणि वैमानिकाचा निर्णय

श्रावणांतील एक पावसाळी रात्र श्रोत्यांनी डोळ्यांपुढें आणावी. रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतींत एखादा कामगार भाजला, अथवा पेणजवळ महामार्गावर मोटारींची टक्कर होऊन एक मूल जबर जखमी झालें. समजा, हेलिकॉप्टर मागविण्याचें ठरलें. अशा वेळीं वैमानिकास काय सांगावें? ‘मूल अत्यवस्थ आहे, त्वरा करा’ असें सांगावें, कीं ‘पेणला जाऊन यावयाचें आहे, जमेल काय?’ एवढेंच विचारावें?

पहिला मार्ग माणुसकीचा वाटतो. परंतु उड्डाणाची शक्यता ठरते ती ढगांची उंची, दृष्टीची मर्यादा, वारा, इंधन आणि उतरण्याची जागा यांवरून. पेणच्या पूर्वेस सह्याद्रीच्या रांगा, पश्चिमेस धरमतरची खाडी. रोहा तर कुंडलिकेच्या खोऱ्यांत वसलेला. पावसाळ्यांत ढग डोंगरमाथ्यांवर टेकतात. मूल अत्यवस्थ आहे म्हणून ते वर सरकत नाहींत. वैमानिकाचें मन मात्र हलतें. ‘जाऊन पाहूं तर खरें’ हा विचार बळावतो आणि एका जिवासाठीं आणखी तीन-चार जीव धोक्यांत पडतात.

अमेरिकेंत जानेवारी २००२ ते जानेवारी २००५ या काळांत अशा रुग्णविमानांचे ५५ अपघात होऊन ५४ माणसें दगावलीं. उड्डाणापूर्वीं धोक्याचें रीतसर मोजमाप करण्याचा नियम तेथें २०१४ सालीं झाला. अनेक सेवांत वैमानिकास रुग्णाचें वय वा अवस्था आधीं कळूं देत नाहींत. ठिकाण आणि वाहून न्यावयाचें वजन त्यास कळलें म्हणजे पुरे. प्राणवायु, औषधें यांची तयारी करावयाची असल्यानें सविस्तर वार्ता डॉक्टरांस हवी. शिवाय पथकांतील एकानेंही नकार दिला, तर उड्डाण होत नाहीं.

१९ जुलै २०२३ च्या रात्रीं रायगडांतच, खालापूर तालुक्यांत, इरशाळवाडीवर दरड कोसळली. हेलिकॉप्टरें सज्ज होतीं. गरज किती मोठी, हें सर्वांस ठाऊक होतें. तरीहि खराब हवेमुळें तीं उडालीं नाहींत. मदत करणारे डोंगर पायीं चढून गेले.

नकार म्हणजे रुग्णास टाकून देणें नव्हे. तो वेळेवर मिळाला, तर महाराष्ट्रांत २०१४ पासून सुरू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका लगोलग रस्त्यानें निघूं शकते. अर्ध्या वाटेवरून परतलेलें हेलिकॉप्टर मात्र तो मोलाचा वेळ खाऊन बसतें. आधीं आकाश पाहावें, मग रुग्ण. यांतच रुग्णाचेंहि हित आहे.