घरबसल्या दिवाणजी

आमच्या सांगलीच्या हळदपेठेत गादीशेजारी दिवाणजी बसत. पत्रे, हिशेब, वसुलीची आठवण, सारे त्यांच्याकडे. माझा धंदा तोच. फक्त शेठ पुण्याला आणि मी इथे, स्वयंपाकघराशेजारच्या टेबलाशी. याला ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ म्हणतात, हे सासूबाईंना सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. ‘दिवाणजी’ म्हणताच त्यांना उमगले.

भांडवल म्हणजे जुना लॅपटॉप आणि इंटरनेट. अवघड गेले ते दर सांगणे. पहिल्या गिऱ्हाइकाला मी संकोचाने म्हटले, “द्या काहीतरी.” त्यानेही काहीतरीच दिले! तेव्हापासून कामाचे तास आणि दर आधी लिहून घेते. (सरकारची ‘उद्यम’ नोंदणी २०२० पासून घरबसल्या, फुकट होते, दलालाला पैसे मोजू नका.)

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले. ते गल्लीच्या तोंडाशी येताच लॅपटॉप लुगड्यात गुंडाळून आम्ही मिरजेला नणंदेकडे गेलो. तिथून शेठची बिले ठरल्या दिवशी धाडली. पुराची बातमी त्यांनी मागाहून वाचली आणि घाबरून फोन केला, “बाई, तुम्ही आहात कुठे?”

पुढच्या महिन्यापासून त्यांनी आपण होऊन दर वाढवला. सासूबाई म्हणाल्या, “दिवाणजींना दिवाळीला धोतरजोडी मिळायची. तुला काय मिळणार?”