असं का होतं? : कालची सोबतीण आज परकी
दोन मांजरी वर्षानुवर्षं एकाच उशीवर झोपतात. एक दवाखान्यात जाऊन येते आणि दुसरी शेपटी पिंजारून तिच्यावर फिस्कारते! मांजर सोबत्याला ओळखतं ते मुख्यतः वासाने. गालाला गाल घासून घरातल्या मांजरी सामायिक वास तयार करतात. तोच घरचा शिक्का. स्पिरिटच्या आणि परक्या प्राण्यांच्या वासाखाली तो झाकला जातो. कृपा करून दोघींना समोरासमोर धरून समेट घडवू नका, भीती आणखी पक्की होते. वेगळ्या खोल्या द्या. एकीच्या गालावरून फिरवलेलं मऊ फडकं दुसरीच्या ताटलीशेजारी ठेवा. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, काही दिवसांनी दार बोटभर उघडं. फिस्कारणं ऐकू आलं, तर ताटल्या वीतभर मागे घ्या.