पहिले गुण लुसियाचे

पुरुषांचं बास्केटबॉल १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकपासून पदकाचा खेळ झालं. बायकांना त्यासाठी आणखी चाळीस वर्षं थांबावं लागलं. जुलै १९७६मध्ये माँट्रियलला अमेरिका आणि जपान यांच्या मुली समोरासमोर उभ्या राहिल्या, पंचांनी चेंडू वर उडवला, आणि थोड्याच वेळात सात नंबरच्या जर्सीतल्या एका उंच मुलीने तो जाळीत टाकला. ऑलिंपिकमधल्या महिला बास्केटबॉलचे ते पहिले गुण. ते करणारी लुसिया हॅरिस एकवीस वर्षांची होती, सहा फूट तीन इंच उंच होती आणि मिसिसिपीतल्या एका शेतकऱ्याची लेक होती.

अमेरिका तो सामना ७१-८४ असा हरली. पण स्पर्धा संपली तेव्हा संघाच्या गळ्यात रौप्यपदक होतं आणि संघातर्फे सर्वाधिक गुण लुसियाच्या नावावर होते. आज महिला बास्केटबॉलच्या चाहत्यांना ब्रिटनी ग्रायनर, एजा विल्सन, केटलिन क्लार्क ही नावं तोंडपाठ असतात. त्या सगळ्यांच्या आधी ही वाट ज्या मुलीने मळली, तिची ओळख मराठी वाचकाला व्हायला हवी.

कापसाच्या मुलखातली मुलगी

लुसियाचा जन्म १० फेब्रुवारी १९५५चा, मिंटर सिटी नावाच्या लहानशा वस्तीतला. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्याच्या वायव्येला, मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमध्ये पसरलेल्या सपाट, सुपीक पट्ट्याला ‘डेल्टा’ म्हणतात. तिथली जमीन कापसाची. त्या कापसावर गोऱ्या जमीनदारांनी संपत्ती उभी केली. आधी गुलाम म्हणून आणि नंतर कूळ किंवा मजूर म्हणून राबले ते काळे लोक. लुसियाचे आईवडील शेती करायचे. घरात भावंडं भरपूर, आणि कापूस वेचायला सगळ्यांनाच जावं लागे.

लुसिया सहा महिन्यांची होती तेव्हा त्याच परिसरातल्या मनी या गावी एमेट टिल हा शिकागोहून सुटीसाठी आलेला चौदा वर्षांचा काळा मुलगा एका गोऱ्या दुकानदारणीशी आगाऊपणे वागल्याच्या आरोपावरून पळवून नेला गेला आणि त्याचा खून झाला. केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडलं. लुसियाचं बालपण या मुलखात गेलं, एवढं ध्यानात ठेवलं की तिच्या पुढच्या यशाचं मोल कळतं.

घराच्या परसात भावंडांनी एक रिंग लावली होती. दिवसभराची कामं उरकली की तिथे खेळ रंगायचा. रात्री आई झोपायला सांगायची, आणि ही मुलगी गोधडी डोक्यावरून घेऊन टीव्हीवर ऑस्कर रॉबर्टसन या बास्केटबॉलपटूचा खेळ बघत राहायची. शाळेत तिच्या उंचीची टिंगल व्हायची. ग्रीनवुडच्या अमांडा एल्झी हायस्कूलच्या संघात आल्यावर त्याच उंचीने संघाला सामने जिंकून दिले.

मार्गारेट वेडचा संघ

मिंटर सिटीपासून जवळच, क्लीव्हलंड नावाच्या गावात, डेल्टा स्टेट हे महाविद्यालय आहे. तिथे एकेकाळी मुलींचा बास्केटबॉल संघ होता. मार्गारेट वेड ही त्या संघातली हुशार खेळाडू. पण १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला महाविद्यालयाने, हा खेळ तरुण मुलींना झेपणारा नाही असं ठरवून संघच बंद केला. त्या काळी ही समजूत सर्वदूर होती. सेंडा बेरेन्सन यांनी १८९२ साली स्मिथ कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकवलं, तेव्हाही मैदानाचे तीन भाग पाडून प्रत्येकीने आपापल्या भागातच राहायचं असा नियम केला होता. मुलींनी फार धावू नये, फार दमू नये, हा त्यामागचा विचार.

मार्गारेट वेड पुढे शाळेतल्या मुलींना खेळ शिकवत राहिल्या. १९७२ साली अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून भेदभाव करता येणार नाही, असं त्याने बजावलं. पुढच्याच वर्षी डेल्टा स्टेटने मुलींचा संघ पुन्हा उभा केला आणि प्रशिक्षक म्हणून साठी गाठलेल्या वेडबाईंना बोलावलं. चाळीस वर्षांपूर्वी ज्या मैदानातून त्यांना बाहेर काढलं होतं, तिथेच त्या शिट्टी घेऊन परतल्या.

लुसिया खरं तर अल्कॉर्न स्टेट या काळ्यांच्या महाविद्यालयात जाणार होती. पण तिथे मुलींचा संघ नव्हता. म्हणून ती डेल्टा स्टेटला आली. बहुतांश गोऱ्या विद्यार्थ्यांच्या त्या संस्थेत, संघातली ती एकटी काळी मुलगी होती.

एकशे नऊ विजय

मग जे घडलं ते कुठल्याही संघाच्या इतिहासात क्वचित घडतं. पहिल्या हंगामात १६ विजय, २ पराभव. दुसऱ्या हंगामात २८ सामने, २८ विजय. १९७५च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात समोर होतं फिलाडेल्फियाजवळचं इमॅक्युलाटा कॉलेज. त्यांनी आधीची सलग तीन विजेतेपदं जिंकलेली होती. डेल्टा स्टेटने त्यांना ९०-८१ असं हरवलं. लुसियाचे एकटीचे ३२ गुण होते. १९७६ आणि १९७७ सालचं विजेतेपदही डेल्टा स्टेटकडेच राहिलं. मधल्या काळात या संघाने सलग ५१ सामने जिंकले. चार वर्षांचा हिशेब १०९ विजय आणि फक्त ६ पराभव.

या चार वर्षांत लुसियाने २,९८१ गुण केले आणि १,६६२ रिबाउंड घेतले. रिंगला लागून परत आलेला चेंडू हवेतच पकडणं म्हणजे रिबाउंड. त्याला उंची लागतेच, पण चेंडू कुठे पडणार याचा अंदाज आणि दोन-तीन जणींच्या रेट्यात पाय रोवून उभं राहण्याची ताकद त्याहून अधिक लागते. लुसिया रिंगच्या जवळ जागा पकडायची, चेंडू हाती आला की वळायची आणि शांतपणे जाळीत टाकायची. लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देण्याचा नियम महाविद्यालयीन मुलींच्या खेळात तेव्हा नव्हता. तिचे सगळे गुण दोन-दोन आणि एक-एक करून जमलेले आहेत. १९७७मध्ये न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिने एका सामन्यात ४७ गुण केले.

गावाने तिला डोक्यावर घेतलं. डेल्टा स्टेटच्या मुलांच्या सामन्यांपेक्षा मुलींच्या सामन्यांना जास्त गर्दी होऊ लागली. अमेरिकेतल्या महाविद्यालयांत दरवर्षी माजी विद्यार्थ्यांचा ‘होमकमिंग’ नावाचा मोठा सोहळा होतो आणि त्या वेळी एका मुलीची राणी म्हणून निवड होते. डेल्टा स्टेटची पहिली काळी होमकमिंग क्वीन लुसिया हॅरिस झाली. एमेट टिलच्या खुनाला तेव्हा जेमतेम दोन दशकं झाली होती. एका खेळाने सगळा भेद मिटला असं म्हणणं खोटं ठरेल. पण त्या गावातल्या गोऱ्या माणसांनी एका काळ्या मुलीसाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या, ही गोष्ट लहान नाही.

पुढे खेळायचं कुठे?

१९७७ साली लुसिया पदवीधर झाली. त्याच वर्षी एनबीए या पुरुषांच्या व्यावसायिक लीगमधल्या न्यू ऑर्लीन्स जॅझ या संघाने खेळाडूंच्या निवडीत, सातव्या फेरीत, तिचं नाव पुकारलं. एनबीएच्या निवडीत एका स्त्रीचं नाव अधिकृतपणे येण्याची ती पहिलीच वेळ. याआधी १९६९मध्ये एका संघाने डेनिस लाँग या मुलीची निवड केली होती, पण एनबीएने ती रद्द ठरवली होती. लुसियाने जॅझच्या सराव शिबिराला जायला नकार दिला. ती तेव्हा गरोदर होती. शिवाय पुरुषांच्या त्या स्पर्धेत आपला निभाव लागेल असं तिला वाटत नव्हतं आणि हा सगळा प्रसिद्धीचा प्रकार असावा अशी शंकाही होती.

तिच्यासमोरचा खरा प्रश्न वेगळाच होता. तिच्याइतकं यश मिळवलेला मुलगा त्या वर्षी व्यावसायिक खेळाडू झाला असता, त्याने लाखो डॉलर कमावले असते. मुलींसाठी तशी स्पर्धाच अस्तित्वात नव्हती. १९७८मध्ये एक व्यावसायिक महिला लीग सुरू झाली, तिच्यात लुसिया ह्यूस्टन एंजल्सकडून थोडा काळ खेळली. पण ती लीग तीन हंगामांत बंद पडली. माँट्रियलच्या संघातली तिची सहकारी अ‍ॅन मायर्स हिने १९७९मध्ये इंडियाना पेसर्स या एनबीए संघाशी करार केला, पण तिला अंतिम संघात जागा मिळाली नाही. दुसरी सहकारी पॅट समिट टेनेसी विद्यापीठाची प्रशिक्षक होती. ती पुढे १,०९८ विजय मिळवून दंतकथा बनली. आज जगभर गाजणारी डब्ल्यूएनबीए ही महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली २१ जून १९९७ला. तेव्हा लुसिया बेचाळीस वर्षांची होती.

लुसियाचं बहुतेक आयुष्य डेल्टातच गेलं. तिने डेल्टा स्टेटमध्ये नोकरी केली, पुढे शिक्षण घेतलं आणि जिथे स्वतः खेळली त्या अमांडा एल्झी हायस्कूलमध्ये शिक्षिका व प्रशिक्षक झाली. चार मुलं वाढवली. तिला बायपोलर हा मानसिक आजार जडला होता. त्याच्याशी ती वर्षानुवर्षं झुंजली आणि त्याविषयी मोकळेपणाने बोललीही.

उशिरा पोचलेला सन्मान

१९९२मध्ये नेस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला. नेरा व्हाइट आणि लुसिया या दोघी तिथे खेळाडू म्हणून पोचलेल्या पहिल्या स्त्रिया. पहिली काळी स्त्री लुसियाच. त्या सोहळ्यात तिच्यासोबत मंचावर होता ऑस्कर रॉबर्टसन, गोधडीत लपून ज्याचा खेळ पाहिला तोच तिचा लहानपणीचा नायक.

तरीही सर्वसामान्य अमेरिकन माणसाला तिचं नाव ठाऊक झालं ते २०२१मध्ये. बेन प्राउडफूट या दिग्दर्शकाने ‘द क्वीन ऑफ बास्केटबॉल’ हा बावीस मिनिटांचा माहितीपट केला. पडद्यावर बहुतेक वेळ फक्त लुसिया आहे: प्रसन्न हसत, जुन्या आठवणी सांगत. शकील ओनील आणि स्टीफन करी या एनबीएतल्या दिग्गजांनी चित्रपटाला आपलं नाव आणि पाठबळ दिलं. मार्च २०२२मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. लुसिया ते पाहायला नव्हती. १८ जानेवारी २०२२ला, सहासष्टाव्या वर्षी, डेल्टातल्याच माउंड बायू इथे तिचं निधन झालं. गुलामीतून मुक्त झालेल्या काळ्या माणसांनी १८८७ साली स्वतः वसवलेलं हे गाव.

लुसियाच्या आयुष्यात कौतुक कमी नव्हतं. पदकं होती, राणीचा मुकुट होता, हॉल ऑफ फेमही होतं. कमी होतं ते बाविसाव्या वर्षानंतर रोज खेळायला मैदान आणि त्या खेळावर चालणारी चूल. खेळाडूचा सगळ्यात मोठा सन्मान म्हणजे पुढचा सामना, हे तिची कारकीर्द सांगते. तिच्या वाट्याला तो आला नाही. तिच्यामुळे नंतरच्या मुलींच्या वाट्याला आला.

आपल्याकडेही गावातली मुलगी राज्य किंवा देशासाठी खेळून आली की मिरवणूक निघते, शाल-श्रीफळ दिलं जातं, वर्तमानपत्रात फोटो येतो. ते जरूर व्हावं. पण त्याच आठवड्यात एवढं विचारावं: हिच्या सरावाचं मैदान संध्याकाळी मुलींना मोकळं असतं का? तिथे दिवे आहेत का? शिकवणारं कुणी आहे का? शिक्षण संपल्यावर ही कुठे खेळणार, आणि तिचा खर्च कोण उचलणार? गावातल्या चार जाणत्या माणसांनी या प्रश्नांची उत्तरं शोधायला घेतली, तर तो सत्कार त्या मुलीला आयुष्यभर पुरेल.