उंदीर, पिसू आणि धान्याचें बळद

धाड व त्याच्या भोंवतालच्या गांवांत खळें आटोपलें म्हणजे सोयाबीन, मका व तूर यांचीं पोतीं घरांत येतात, आणि त्यांच्या मागोमाग उंदीरहि येतात. उंदीर दाणे किती खातो याचा अंदाज प्रत्येक शेतकऱ्यास असतो. परंतु तो आपल्या अंगावर काय घेऊन येतो याचा शोध लावण्यांत कित्येक डॉक्टरांचीं वर्षें गेलीं. त्यांपैकीं मुंबईचे डॉ. विल्यम ग्लेन लिस्टन यांच्या कामाची हकीकत शेतकरी वर्गास विशेष उपयोगी वाटल्यावरून येथें देत आहों.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग होय, तरी त्या वेळीं दोष दिला गेला तो घाणीस, हवेस आणि माणसांच्या स्पर्शास. १८९८ सालीं कराचींत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें उंदरावरील पिसू रोग नेते असें प्रयोगानें दाखविलें, पण तें फारसें कोणी मानलें नाहीं.

लिस्टन यांनीं मात्र तो धागा सोडला नाहीं. १९०३ च्या एप्रिलांत मुंबईच्या एका चाळींत ६ तारखेच्या सुमारास उंदीर पटापट मरूं लागले, आणि थोड्याच दिवसांत तें मरणें एकाएकीं थांबलें. ११ तारखेपासून रहिवाशांना पिसवांचा इतका उपद्रव होऊं लागला कीं ते खोल्या सोडून व्हरांड्यांत निजूं लागले. १७ तारखेस त्यांच्यांतील एकास प्लेग झाला. लिस्टन यांनीं तेथील माणसांच्या अंगावरील ३० पिसवा मिळवून तपासल्या, तों १४ उंदराच्या जातीच्या निघाल्या! एरव्हीं ही पिसू माणसाच्या वाटेस फारशी जात नाहीं. उंदीर मरून थंड पडला म्हणजे ती दुसरें ऊन रक्त शोधूं लागते.

पुढें १९०५ पासून प्लेग कमिशननें परळ येथें याची कसून परीक्षा केली. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोलींत गिनीपिग नांवाच्या प्राण्यांचे पिंजरे ठेविले. जमिनीलगतचे प्राणी रोगानें मेले. दोन फूट उंच टांगलेले वांचले, कारण तेथवर पिसवेची उडी पोंचत नाहीं. हवेनेंच रोग होता तर हवा दोघांनाहि सारखीच होती. (फुप्फुसांचा प्लेग रोग्याच्या खोकल्यांतून पसरतो, ती गोष्ट निराळी.)

पिसवेच्या अळ्या जमिनीवरील धुळींत, भुशांत वाढतात. म्हणजे बळदाच्या, कणगीच्या पायथ्याशीं उंदरास अन्न आणि पिसवेस पाळणा दोन्ही एके ठिकाणींच मिळतात.

ही जुनी कथा म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर बीड जिल्ह्यांतील मामला गांवच्या लोकांनीं घरें सोडलीं, पण धान्य त्या रिकाम्या घरांतच राहिलें. १९९४ च्या ऑगस्टांत तेथें उंदीर मेले, पिसवा माजल्या, आणि मग माणसांना गांठीचा ताप आला. मुंबईच्या चाळींतला तोच क्रम!

यास्तव घरांत कारणावांचून उंदीर मेलेले आढळल्यास त्यांस उघड्या हातानें उचलूं नये, व तडक आरोग्य केंद्रास कळवावें. अशा वेळीं उरलेले उंदीर मारण्याची घाई आपल्याकडे फार होते, ती अनिष्ट आहे. आधीं पिसवा माराव्या, मग उंदीर. नाहींतर निराश्रित झालेल्या पिसवा आपल्याच अंथरुणांत येतात. साथ नसतांना मात्र पोतीं भिंतीपासून दूर, लांकडी फळ्यांवर रचावीं आणि खालचा भुसा वारंवार झाडून काढावा.

उंदराच्या संगतीनें येणारा दुसरा एक ताप, स्क्रब टायफस, २०१८ सालीं विदर्भांत बराच पसरला होता. त्याचे जंतु गवतांतील बारीक किडीच्या चाव्यानें अंगांत शिरतात. गवत कापून आल्यावर थोड्या दिवसांनीं ताप भरला, तर कांख, जांघ, कंबर येथें काळी खपली आहे काय तें पाहावें व डॉक्टरास शेतांतल्या कामाची हकीकत न विसरतां सांगावी. डॉक्सिसायक्लिन हें त्यावरील औषध स्वस्त आहे. वेळेवर मिळालें म्हणजे बहुधा दोनतीन दिवसांत ताप उतरतो.