मोबाईलवर आलेला हल्ला खरा की खोटा?

आपल्या गटाच्या बैठकीत बचत, हप्ता आणि वही यांतच तास निघून जातो. आज मात्र आम्ही वेगळं काही बोलणार आहोत. विषय युद्धाचा आहे, पण तो आपल्या मावळात ओसरीवर बसल्या बसल्या मोबाईलमधून घरात शिरला, म्हणून बोलायचं.

२०२५ च्या मे महिन्यातले ते चार दिवस आठवतात ना? पहलगामला २२ एप्रिलला पर्यटकांवर हल्ला झाला, २६ माणसं गेली. त्यानंतर ६ मेच्या रात्री ऑपरेशन सिंदूर सुरू झालं. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, देशभर युद्धाच्या तयारीचा सराव होता, आणि त्यातला एक आपल्या तळेगावला नगर परिषदेत होता. सराव आधीच ठरलेला होता. तरी पण भोंगा वाजणार म्हटल्यावर कितीजणींच्या पोटात गोळा आला, हे आम्हाला माहीत आहे. आमच्याही आला.

शुक्रवारी, ९ मेला, आमची बैठक होती. वही उघडायच्या आधीच एकीने मोबाईल पुढे केला. काळोख, त्यात भडकलेल्या ज्वाळा, आणि खाली लिहिलेलं: जालंधरवर पाकिस्तानचा ड्रोन हल्ला. आमच्या गटातल्या एका ताईंचा मुलगा सैन्यात आहे, तेव्हा तो पंजाबातच होता आणि दोन दिवस त्याचा फोन लागत नव्हता. ताईंनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि मग भिंतीला टेकून खालीच बसल्या. तेवढ्यात दुसरा निरोप आला की एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार. त्या दिवशी हप्ते गोळा झालेच नाहीत. आम्ही समन्वयक म्हणवतो, पण काय सांगावं ते आम्हालाही सुचलं नाही.

दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा, म्हणजे पीआयबीचा, खोट्या बातम्या तपासणारा विभाग आहे. जालंधरचा म्हणून फिरणारा तो व्हिडिओ शेताला लागलेल्या आगीचा आहे, असं त्यांनी सांगितलं. एटीएम तर चालूच होती.

शेताची आग! मैत्रिणींनो, हे ऐकल्यावर आम्ही कपाळावर हात मारला. पाऊस पडायच्या आधी भाताच्या रोपासाठी आपण स्वतः राब भाजतो. शेण, पालापाचोळा, गवत पसरायचं आणि पेटवायचं. अंधार पडल्यावर नाणे मावळातल्या किंवा पवन मावळातल्या एखाद्या उतारावरचा राब लांबून कुणी मोबाईलवर टिपला आणि खाली ‘लोणावळ्यावर ड्रोन हल्ला’ असं लिहून सोडून दिला, तर अमृतसरच्या बाईला तो खराच वाटेल. आग सगळीकडे सारखीच दिसते. घाबरवतं ते तिच्याखाली लिहिलेलं वाक्य, आणि ते वाक्य कुणीही लिहू शकतं.

त्या चार दिवसांत असे कितीतरी व्हिडिओ फिरले. गुजरातच्या हजिरा बंदरावर हल्ला झाला म्हणून एक आला, तो २०२१ साली एका तेलाच्या टँकरचा स्फोट झाला होता, त्याचा होता. भारतावर क्षेपणास्त्र पडलं म्हणून एक आला, तो लेबनॉन देशातल्या बैरूत बंदराचा निघाला. तिथे ४ ऑगस्ट २०२० ला गोदामात साठवलेल्या अमोनियम नायट्रेटचा मोठा स्फोट झाला होता. म्हणजे स्फोट खरे, व्हिडिओही खरे, फक्त गाव आणि वर्ष खोटं. असा व्हिडिओ बनवायला कॉम्प्युटर लागत नाही की हुशारी लागत नाही. जुना उचलायचा आणि नवं नाव द्यायचं.

काही मात्र खरोखर बनवलेले असतात. ‘आर्मा ३’ नावाचा लढाईचा व्हिडिओ गेम आहे. त्यातली विमानं आणि स्फोट इतके हुबेहूब असतात की युक्रेनच्या युद्धाच्या आधीपासूनच ते खरे म्हणून फिरवले जातात. शेवटी तो गेम बनवणाऱ्या कंपनीनेच २०२२ मध्ये लोकांना खुणा सांगितल्या: चित्र मुद्दाम अस्पष्ट आणि हलणारं असतं, बहुतेक वेळा रात्रीचं असतं, आवाज नसतो आणि चालती-फिरती माणसं दिसत नाहीत. ही शेवटची खूण आम्हाला फार पटली. गावात साधं रोहित्र जळालं तरी पन्नास माणसं गोळा होतात, कुत्री भुंकतात, कुणीतरी कुणाला तरी हाका मारतं. एवढा हल्ला झाला आणि माणसाचा आवाज नाही, असं कसं होईल? आता यंत्राकडून माणसाचा चेहरा आणि आवाजही बनवता येतो. त्याच मे महिन्यात पाकिस्तानी सैन्याच्या प्रवक्त्याचा, आमची दोन विमानं पडली असं कबूल करणारा, बनावट व्हिडिओ फिरला. तो आपल्या सोयीचा होता, म्हणून आपल्याकडे जास्त चालला. हे पण लक्षात ठेवायला हवं.

आता आम्हाला जे खरं बोलायचं आहे ते पुढे आहे.

शनिवारी संध्याकाळी युद्धविराम झाला. ताईंच्या मुलाचा फोनही आला, सुखरूप होता. सोमवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा पेपरातली एक बातमी वाचून दाखवली. आमची बैठक ज्या शुक्रवारी होती, त्याच रात्री पंजाबातल्या फिरोजपूर जिल्ह्यात खाई फेमे की नावाच्या गावात ड्रोन एका घरावर पडला होता. आग लागली आणि घरातली तीन माणसं भाजली. ताई चहा गाळता गाळता म्हणाल्या, “ते बी खोटंच आसंल. कुनाचं तरी शेत पेटलं आसंल. आता न्हाई इस्वास ठेवायचा कशावर.”

ते घर खरोखर जळालं होतं. त्या घरातली बाई काही दिवसांनी दवाखान्यात वारली. आपल्यासारखीच गावातली, घरसंसार करणारी बाई. एका खोट्या व्हिडिओने ताईंना दोन दिवस रडवलं होतं. त्याचा राग म्हणून त्यांनी एका खऱ्या बाईचं दुःखही खोटं ठरवलं. आम्ही ताईंना दोष देत नाही, कारण आमच्या मनातही तोच विचार येऊन गेला होता. पण खोटा व्हिडिओ सोडणाऱ्याचं खरं काम इथे होतं. आधी माणूस सगळ्यावर विश्वास ठेवतो, मग फसला की कशावरच ठेवत नाही. मग ज्याच्यावर खरंच हल्ला झाला त्याचं कोण ऐकणार?

मग खरं ठरवायचं कशावरून? नुसत्या व्हिडिओवरून नाही. खाई फेमे कीची बातमी खरी मानायला काय काय होतं बघा: गावाचं नाव होतं, जिल्हा होता, तारीख होती, दवाखाना होता, पोलीस होते, आणि तिथे जाऊन आलेले बातमीदार होते. जालंधरच्या व्हिडिओत यातलं काय होतं? फक्त ज्वाळा. आपण कर्ज मंजूर करताना बाईच्या नुसत्या शब्दावर जातो का? कशासाठी हवं, कधी फेडणार, साक्षीला कोण, हे विचारतोच. इथेही तेच विचारायचं. कुठलं आहे? कधीचं आहे? कुणी काढलं? दुकानाची पाटी कुठल्या भाषेत आहे, गाडीचा नंबर कुठला आहे, झाडं आणि घरं त्या मुलखातली वाटतात का, हे डोळ्यांनी दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोपाच्या वर दुहेरी बाण दिसला, तर तो खूप हातांतून फिरून आला आहे आणि मूळ कुणाचा हे पाठवणारीला माहीत नाही. कॉलेजात जाणारी लेक असेल तर तिला सांगा, व्हिडिओ थांबवून त्याचा फोटो गूगल लेन्सवर टाक. जुना असेल तर बहुतेक वेळा सापडतो. आणि केंद्र सरकारशी संबंधित काही असेल तर पीआयबीच्या ८७९९७११२५९ या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर पाठवून विचारता येतं.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. युद्धात सरकारंही आपापल्या सोयीने बोलतात. ८ मेच्या रात्री ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आले, असं कर्नल सोफिया कुरेशी यांनी सांगितलं. २०१६ मध्ये पुण्यात झालेल्या अनेक देशांच्या लष्करी सरावात भारताच्या तुकडीचं नेतृत्व केलेल्या त्याच या कुरेशी मॅडम. पाकिस्तानने मात्र हल्ल्यांबाबत हात झटकले. अशा वेळी नुसतं आपल्या बाजूचं म्हणून खरं, असं धरू नये. पडलेल्या ड्रोनचे तुकडे पुढे ठेवले जातात का, दोन-तीन वेगळ्या ठिकाणचे लोक तेच सांगतात का, ते बघावं. एक दिवस थांबलं तर बरंचसं कळतं. थांबल्याने आपलं काही अडत नाही.

पाच आठवड्यांनी, १५ जूनला, रविवारी दुपारी, ताईंच्याच मोबाईलवर एक व्हिडिओ आला. नदीला भरपूर पाणी, मोडून पडलेला लोखंडी सांगाडा, माणसांचा आरडाओरडा. खाली लिहिलं होतं: कुंडमळ्याचा पूल पडला. आपल्या इंद्रायणीवरचा कुंडमळा. शेजारीण म्हणाली, कुठला तरी जुना असेल, टाक पुसून. ताईंनी पुसला नाही. पाणी बघितलं, खडक बघितले, लोक मराठीत ओरडत होते ते ऐकलं. मग इंदोरीला नणंदेला फोन लावला. नणंद रडतच बोलली, खरं आहे वहिनी, लोक वाहून गेलेत. त्या दिवशी तिथे चार जणांचा जीव गेला.

ताईंच्या भावकीतली तीन पोरं त्या दिवशी फिरायला बाहेर पडली होती. ताईंनी आधी त्यांना एकेकाला फोन लावले. तिघंही कार्ल्याला होती. मग त्यांनी गटावर स्वतःच्या आवाजात निरोप टाकला: “कुंडमळ्याचं खरं हाय, मी इंदोरीला इचारलंय. तिकडं कुनी जाऊ नका, आन् कुनाचं मानूस गेलं आसंल तर फोन लावा.” तो व्हिडिओ मात्र त्यांनी कुणालाच पाठवला नाही.