फुफ्फुसातली गाठ: मॅप, अल्ट्रासाऊंड की रोबोट?

मोहोळहून मामांनी सीटी रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. फुफ्फुसात 18 मिमीची गाठ, बायोप्सी करा. खाली प्रश्न: "अरे, सोलापुरात करू की रोबोटसाठी मुंबई गाठू?"

अशी गाठ टीबीचीही असू शकते, म्हणून तुकडा तपासावाच लागतो. पण साधी दुर्बीण फुफ्फुसाच्या कडेपर्यंत पोचत नाही. मग पर्याय तीन:

नॅव्हिगेशन: सीटीवरून थ्रीडी नकाशा बनतो आणि चुंबकीय क्षेत्रामुळे नळीचं लोकेशन कळतं. गुगल मॅप्सच समजा! पण श्वासाबरोबर फुफ्फुस हलतं, नकाशा चुकतो.

रेडियल ईबस: टोकाला फिरणारा अल्ट्रासाऊंड. रस्ता दाखवत नाही, पण गाठीशी पोचलो का, ते लाइव्ह दाखवतो.

रोबोटिक: नळी अवघड वळणावरही स्थिर राहते. खर्च मात्र जास्त.

छातीतून सुई घालूनही बायोप्सी होते. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत नॅव्हिगेशनची अचूकता त्याहून कमी नव्हती. फुफ्फुसातून हवा गळण्याचं प्रमाण मात्र सुईत 28 टक्के, नॅव्हिगेशनमध्ये 3.

मामांना लिहिलं: "मशीनचं नाव नंतर. आधी डॉक्टरांना विचारा, सुई गाठीतच आहे याची खात्री कशी करणार? आणि 'कॅन्सर दिसला नाही' असा रिपोर्ट आला, तर पुढे काय?"

कारण नेम चुकला, तरी रिपोर्ट तसाच येतो.